‘ङ्’ म्हणजे पाच : व्हँकुव्हरमधल्या कँटोनीज जतनाचं एक प्रकरण

कँटोनीज म्हणजे हाँगकाँग आणि दक्षिण चीनच्या ग्वांगतोंग प्रांतातली चिनी भाषा. ती शिकणाऱ्याला सुरुवातीलाच एक आकडा पाठ करायला सांगतात : ३९४०५२. कुणाचा तरी जुना टेलिफोन नंबर वाटावा असा. हे सहा आकडे म्हणजे त्या भाषेचे सहा सूर, ओळीने लावलेले. साम, काउ, सेई, लिंग, ङ्, यी. तीन वरच्या पट्टीत सपाट, नऊ खालून वर चढणारा, चार मधल्या पट्टीत, शून्य खाली घसरत जाणारं, पाच तळातून जरासं उचललेलं, दोन खालच्या पट्टीत सपाट. एकदा हा नंबर तोंडात बसला की कुठल्याही नव्या शब्दाचा सूर ‘नऊसारखा’ की ‘शून्यासारखा’ एवढंच विचारायचं.

मराठी माणसाला इथे दोन गोष्टी फुकट मिळतात. एक म्हणजे क आणि ख यांतला फरक. कँटोनीजची सध्या सर्वांत चालणारी रोमन लिपी हाँगकाँगच्या भाषाशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये ठरवली. तिच्यात जे ‘जी’ अक्षराने लिहितात तो आपला क आहे, आणि ‘के’ने लिहितात तो ख. इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला हा भेद कानात बसवायला बराच वेळ लागतो, आपण तो बालवाडीत शिकून आलेले असतो. दुसरी गोष्ट ङ. आपल्याकडे तो मुळाक्षरांच्या तक्त्यात नुसता बसून असतो. वाङ्मय, पराङ्मुख असे चार-दोन शब्द सोडले तर त्याला कुणी कामाला बोलवत नाही. कँटोनीजमध्ये तो एकटा, स्वराशिवाय, एक अख्खा शब्द आहे. ङ् म्हणजे पाच.

चारचं मात्र जरा जपून. सेई मधल्या सुरात म्हटलं तर चार, चढत्या सुरात म्हटलं तर मरण. त्यामुळे कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या कितीतरी उंच इमारतींच्या लिफ्टमध्ये ४, १४, २४ ही बटणंच नसायची. शेवटी २०१५ मध्ये महापालिकेने सांगितलं की नव्या इमारतींत मजल्यांचे आकडे गाळायचे नाहीत, आग लागली तर बंबवाल्यांनी मोजायचं कसं? योगायोग असा, की त्याच वर्षी त्या शहरातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात कँटोनीजचे वर्ग सुरू झाले. हे प्रकरण त्या वर्गांचं आहे, आणि तिथून बसने पाऊणएक तासावर असलेल्या चायनाटाऊन या जुन्या चिनी वस्तीतल्या एका बंद पडलेल्या शाळेचं आणि एका चौकातल्या पटाचं.

आधी कोण आलं होतं

चायनाटाऊनला कँटोनीजमध्ये ‘थोंग यान काय’ म्हणतात. थांग वंशाच्या काळातली माणसं ती थोंग यान, त्यांचा रस्ता तो काय. व्हँकुव्हर शहरालाही जुनं कँटोनीज नाव आहे : हाम सोय फाउ, खाऱ्या पाण्याचं बंदर. ही नावं ठेवणारी माणसं बहुतेक एकाच मुलुखातली. ग्वांगतोंग प्रांतात पर्ल नदीच्या मुखाच्या पश्चिमेला चार तालुके आहेत, थोयसान, होयपिंग, यानपिंग आणि सानवुई. या चौघांना मिळून ‘सेई याप’ म्हणजे चार तालुके. कोकणातल्या दोन-तीन तालुक्यांनी मुंबईच्या गिरण्या भरल्या, तसं या चार तालुक्यांनी उत्तर अमेरिकेतली थोंग यान काय भरली.

आधी १८५८ नंतर फ्रेझर नदीकाठच्या सोन्यासाठी, मग १८८१ ते १८८५ दरम्यान कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या कामासाठी. रेल्वेवर सुमारे १५ हजार चिनी मजूर होते. रूळ समुद्राला टेकत आले त्याच वर्षी, १८८५ मध्ये, सरकारने देशात येणाऱ्या चिनी माणसावर डोईपट्टी बसवली : ५० डॉलर. १९०० मध्ये १००, १९०३ मध्ये ५००. पाचशे डॉलर म्हणजे मजुराची जवळजवळ दोन वर्षांची कमाई. आणि १ जुलै १९२३ ला, कॅनडाच्या राष्ट्रीय दिनालाच, चिन्यांना दार बंद करणारा कायदा लागू झाला. तो १९४७ पर्यंत टिकला. त्या २४ वर्षांत आत घेतलेल्या चिनी माणसांची संख्या पन्नाससुद्धा भरत नाही. नवरे व्हँकुव्हरच्या खोल्यांत, बायका थोयसानच्या गावात. या समाजात भाषा आईकडून मुलाकडे जायला घरात आईच नव्हती, हे पुढचं सगळं समजून घेताना लक्षात ठेवायला हवं.

मग ती जगली कशी? आडनावांच्या संस्थांमधून. वाँग आडनावाच्यांची एक, लिम आडनावाच्यांची एक, मा आडनावाच्यांची एक. खाली दुकान भाड्याने, वर सभागृह, पूर्वजांचे फोटो, पत्त्यांची टेबलं, गावाकडे पैसे आणि पत्र पाठवण्याची सोय. गिरणगावातला गावकऱ्यांचा गाळा ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरी लाट वेगळी होती. १९६७ मध्ये कॅनडाने वंश न पाहता गुणांवर प्रवेश द्यायला सुरुवात केली. हाँगकाँग १९९७ मध्ये चीनकडे जाणार हे १९८४ मध्ये पक्कं झालं, १९८९ मध्ये बीजिंगच्या चौकात गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यानंतर हाँगकाँगचे शिक्षक, हिशेबनीस, बांधकामवाले कुटुंबकबिल्यासह आले. ते चायनाटाऊनच्या जुन्या खोल्यांत कशाला राहतील? ते शेजारच्या रिचमंडमध्ये राहिले, तिथे मॉल उभे राहिले, टीव्ही-रेडिओ कँटोनीज झाले. तिसरी लाट चीनच्या मुख्य भूमीवरून, तिथली राजभाषा मँडरिन बोलणारी.

२०१६ च्या जनगणनेत कॅनडात मँडरिन मातृभाषा असलेले सुमारे ५ लाख ९० हजार होते आणि कँटोनीजवाले सुमारे ५ लाख ६५ हजार. २०२१ मध्ये मँडरिन ६ लाख ८० हजारांच्या घरात गेली, कँटोनीज साडेपाच लाखांवर आली. जगभरात आठ कोटींच्या आसपास लोक जी भाषा बोलतात तिला मरणासन्न म्हणणं हास्यास्पद आहे, आणि मी तसं म्हणत नाही. पण तिचा उतार कुठल्या बाजूला आहे ते या दोन ओळींत दिसतं. खुद्द ग्वांगतोंगची राजधानी असलेल्या ग्वांगचौमध्ये २०१० साली तिथल्या टीव्हीचे कार्यक्रम मँडरिनमध्ये करा अशी सूचना आली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते. म्हणजे माहेरीही सगळं आलबेल नाही.

व्याजावर चालणारा वर्ग

उत्तर अमेरिकेच्या विद्यापीठांत ‘चिनी भाषा’ म्हणजे मँडरिन हे गृहीतच असतं. कँटोनीज शिकवणारा एखादा असतो, तोही बहुधा कंत्राटी. २०२० च्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात हेच झालं. कँटोनीज शिकवणाऱ्या एकमेव व्याख्यातीचं वीसेक वर्षं चाललेलं कंत्राट पुढे न वाढवण्याचं ठरलं. माजी विद्यार्थ्यांनी सह्यांची मोहीम काढली, बातम्या झाल्या, आणि पुढे एका अन्नवितरण व्यावसायिकाने दहा लाख डॉलर दिल्यावर वर्गांना स्थैर्य आलं.

व्हँकुव्हरने हा क्रम उलटा केला होता. तिथे आधी पैसे आले, मग वर्ग. हाँगकाँगशी नातं असलेल्या वॉट भावांनी विद्यापीठाला २० लाख डॉलर दिले, कँटोनीजसाठीच. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर वर्ग चालवायचे. २०१५ मध्ये तासिका सुरू झाल्या. श्रेयांक देणारा असा कार्यक्रम कॅनडातल्या विद्यापीठांत पहिलाच मानला जातो. प्रकरणातला हा भाग रुक्ष आहे, पण सगळ्यात महत्त्वाचा माझ्या मते हाच. दरवर्षी नव्याने हात पसरावा लागला की शिक्षकाचं अर्धं डोकं अर्ज लिहिण्यात जातं. आपल्याकडच्या कितीतरी विद्यापीठांत लहान भाषांचे विभाग तासिकातत्त्वावरच्या एका माणसाच्या जिवावर उभे आहेत. तो निवृत्त झाला की विभाग कुलपात.

आता वर्गात कोण बसतं ते पाहू. काही मँडरिनवाले असतात. त्यांना लिपी येते, उच्चार नवे. काही कोरियन, पंजाबी, गोरे. आणि एक मोठा गट असा, की ज्यांची आजी कँटोनीज बोलते. या मुलांना सगळं समजतं. आजीने ‘सिक चो फान मेई आ?’ म्हणजे ‘जेवलास का?’ विचारलं की ती इंग्रजीत ‘हो’ म्हणतात. कान भरलेला, जीभ रिकामी. परदेशातल्या मराठी घरांतही हा नमुना मी इतक्यांदा पाहिला आहे की त्याला वेगळं नाव द्यावंसं वाटतं. अशा मुलाला नवशिक्याच्या बाकावर बसवलं तर तो कंटाळतो, आणि वरच्या वर्गात बसवलं तर एक वाक्य नीट येत नाही म्हणून शरमतो. शरम हा या सगळ्या प्रकरणातला छुपा खर्च आहे. म्हणून शिकवणाऱ्याला आधी वर्गात कुणाची भाषा कुठून आली आहे ते पाहावं लागतं.

आणखी एक गोष्ट वर्गात सुटत नाही. कँटोनीजमध्ये ‘धन्यवाद’ दोन आहेत. कुणी दार धरून ठेवलं, चहा ओतला, वाट दिली, तर ‘म् कोय’. कुणी भेट दिली, जेवायला घातलं, तर ‘तो चे’. पुस्तकात हा नियम एका ओळीत मावतो. पण दुकानदाराने एक पाव जास्त टाकला तर काय म्हणायचं? त्याने काम केलं की भेट दिली? ते ठरवायला दुकानच लागतं. विद्यापीठ शहराच्या पश्चिम टोकाला झाडीत आहे. तिथे पाव विकणारा कँटोनीज बोलत नाही.

वाँग मंडळींचा माळा

पूर्व पेंडर रस्त्यावर वाँग आडनावाच्या संस्थेची इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्यावर १९२५ मध्ये मोन कियांग नावाची शाळा निघाली. १९२५ म्हणजे दारबंदीच्या कायद्याला दोन वर्षं झालेली. नवी मुलं येण्याची शक्यता संपलेली, आणि इथे जन्मलेली थोडी मुलं हाताशी. दिवसा इंग्रजी शाळा, मग संध्याकाळी इथे येऊन चिनी. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी या संध्याकाळच्या शाळेला शिव्या घातल्या, कारण बाकीची पोरं त्या वेळी खेळत असायची.

ही शाळा २०११ च्या सुमारास पटसंख्येअभावी बंद झाली. बाकं तिथेच, फळे तिथेच, भिंतीवरचे फोटो तिथेच. मालक संस्था श्रीमंत नव्हती पण इमारत तिच्याच मालकीची होती, त्यामुळे कुणी बाकं काढून कॅफे केला नाही. मालकी हा शब्द जतनाच्या चर्चेत फार कमी येतो. यायला हवा.

पाचेक वर्षांनी चायनाटाऊनमध्ये काम करणाऱ्या तरुणांच्या एका गटाने, त्यांच्या नावाचा मराठीत अर्थ ‘चायनाटाऊनसाठी तरुणांची एकजूट’ असा होईल, त्याच बाकांवर शनिवारची शाळा भरवली. कँटोनीजचीच, पण मोठ्या माणसांसाठी. म्हणजे पंचविशी-तिशीतले लोक, ज्यांनी लहानपणी चिनी शाळेला दांडी मारली होती, ते सहा वर्षांच्या मुलाच्या बाकात गुडघे अडकवून बसू लागले.

मला या प्रकरणातला सगळ्यात हुशार निर्णय हा वाटतो. आपल्या परदेशातल्या मंडळांच्या मराठी शाळा बहुतेक मुलांसाठी असतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाने अमेरिकेत त्यासाठी अभ्यासक्रमापर्यंत मजल मारली, ते काम मोठंच आहे. पण तिथे येणारं मूल आईवडिलांनी गाडीत घालून आणलेलं असतं. तिशीतला माणूस स्वतःच्या पायांनी येतो, कारण त्याची आजी ८८ वर्षांची झाली आहे आणि दवाखान्यात डॉक्टरला ती काय सांगते ते त्याला कळत नाही.

शाळेचा अभ्यासक्रमही त्याच गरजेतून आला. वर्गात ‘मला अर्धा किलो पाहिजे’ शिकायचं आणि जिना उतरून रस्त्यावर जाऊन तेच म्हणायचं. चायनाटाऊनमधली भाजीची दुकानं पदपथावर पसरलेली असतात. खोक्यांवर जाड मार्करने चिनीत दर लिहिलेले. काय लान, छोय सम, वेलीसारखं लांब वांगं, वाळवलेली शेवंती. शेंगांची जुडी उचलायची, ‘केई तो छिन?’ म्हणजे कितीला, आणि उत्तरात जो आकडा येईल तो पकडायचा. इथे ३९४०५२ कामाला येतो. दुकानदारीणबाई मात्र विद्यार्थ्याचा पहिला सूर चुकला की पटकन इंग्रजीत वळतात. त्यांना गिऱ्हाईक उरकायचं असतं, कुणाची संस्कृती जपायची नसते. यावर उपाय एकच, पुन्हा कँटोनीजमध्येच विचारणं, निलाजरेपणाने.

पण दुकानंच नसतील तर? चायनाटाऊनमध्ये २००९ ते २०१६ या सात वर्षांत भाजीवाले, मासळीवाले, भाजलेलं बदक टांगणारे आणि खानावळी मिळून खाण्याची जवळपास निम्मी चिनी ठिकाणं बंद झाली, असं तिथल्याच एका सामाजिक संस्थेच्या पाहणीत निघालं. मालक थकले, मुलं हिशेबनीस झाली, भाडं वाढलं. भाषेचा वर्ग माळ्यावर वाढत होता आणि खाली तिची प्रयोगशाळा आटत होती.

चौकातला गोंगाट

किफर आणि कोलंबिया या रस्त्यांच्या कोपऱ्यावर स्मारकाचा चौक आहे. एका बाजूला रेल्वेमजूर आणि दुसऱ्या बाजूला सैनिक असे दोन पुतळे, मधे ‘मध्य’ या चिनी अक्षराच्या आकाराचा खांब. वर्षभर चौक बहुतेक रिकामा. त्याच तरुणांनी २०१५ च्या उन्हाळ्यापासून इथे संध्याकाळी माहजोंगची, म्हणजे फरशांनी खेळायच्या चिनी खेळाची, टेबलं मांडायला सुरुवात केली. कार्यक्रमाचं नाव ठेवलं ‘गरम आणि गोंगाट’. हे ‘यीत नाउ’ या शब्दाचं शब्दशः भाषांतर आहे, इंग्रजीत मुद्दाम वेडंवाकडं ठेवलेलं. यीत नाउ म्हणजे माणसांनी भरलेलं, आवाजी, आनंदी वातावरण. आपल्याला जत्रेत, लग्नघरात, गणपतीच्या आदल्या रात्री मंडपात जे असतं ते. इंग्रजीत त्याला सरळ शब्द नाही; मराठीत ‘लगबग’, ‘गजबज’ त्याच्या आसपास जातात.

माहजोंगच्या एका डावाला १४४ फरशा लागतात. डाव सुरू होण्याआधी चौघे आठ हातांनी त्या पालथ्या घालून टेबलावर गरगर फिरवतात. याला पत्ते पिसणं म्हणत नाहीत, फरशा ‘धुणं’ म्हणतात. तो खडखडाट चौकाच्या पलीकडच्या रस्त्यापर्यंत जातो आणि पैशाशिवाय जाहिरात होते. मग प्रत्येकी तेरा फरशा. खेळताना हात आणि तोंड दोन्ही चालू लागतं. तीन सारख्या जमल्या की ‘फोंग!’, चार जमल्या की ‘कोंग!’, डाव जिंकला की ‘सिक वू!’ म्हणजे खाल्लं. टाकलेली प्रत्येक फरशी नावाने सांगायची : सातची दशहजारी, दोनचा बांबू, पांढरी पाटी, तांबडा मध्य.

आता भाषाशिक्षक म्हणून याकडे बघा. तासाभरात एक ते नऊ हे आकडे दोनशेदा तरी उच्चारले जातात, योग्य सुरात, वेळेच्या दबावाखाली, आणि चुकलं तर पाठीमागे उभी असलेली आजी ओरडते. कुठल्या भाषा-प्रयोगशाळेत एवढी मेहनत करून घेता येईल? शिवाय आजीला शिकवायला बोलावलेलंच नाही. ती बघायला थांबली, कुणाची तरी चाल तिला बघवेना, ती मधे बोलली, आणि आता खुर्चीत बसली आहे. तिशीतल्या मुलीला आणि ऐंशीच्या बाईला एका टेबलाशी बसवायचं तर ‘पिढ्यांमधला संवाद’ असा फलक लावून चालत नाही. पट लागतो.

नववर्षाची मिरवणूक, सिंहनृत्य, फटाके हे सगळं चायनाटाऊनमध्ये आहेच आणि त्याला गर्दी जास्त होते. पण सिंहनृत्य बघायला कँटोनीज यावी लागत नाही. हा फरक आयोजकांनी ओळखला. मी त्याला कार्यक्रमाची कसोटी म्हणतो : भाषा काढून घेतली तर कार्यक्रम तसाच चालू राहतो का? ढोलताशा पथकाबद्दल हा प्रश्न विचारून पाहावा, उत्तर थोडं अप्रिय येतं.

कपड्यांच्या पेट्या

विद्यापीठाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात कँटोनीज संगीतनाटकाचे शंभरेक वर्षांपूर्वीचे पोशाख आहेत. खांद्यावर झेंडे खोचलेले सेनापती, छातीवर चेहरे असलेली चिलखतं, कापडावर शिवलेले आरशाचे गोल तुकडे. दिवा पडला की नट झगमगावा म्हणून ते आरसे. आपल्या कच्छी भरतकामासारखे, फक्त कारण रंगमंचाचं. फिरत्या कंपन्या मोठ्या पेट्या घेऊन पॅसिफिक ओलांडायच्या. काही पेट्या इकडेच राहिल्या. त्या व्हँकुव्हरच्या चिन वा सेंग या १९३४ मध्ये स्थापन झालेल्या हौशी संगीतनाट्य मंडळीकडे आल्या आणि तिथून पुढे संग्रहालयात. १९९३ मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. २००९ मध्ये युनेस्कोने कँटोनीज संगीतनाटक आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

पोशाख उत्तम अवस्थेत आहेत. त्यांना घालून गाणारे कमी आहेत, एवढंच.

किफर १०५

चौकाला लागूनच, किफर रस्त्यावर १०५ नंबरची मोकळी जागा होती. तिथे बारा मजली निवासी इमारत बांधण्याचा प्रस्ताव महापालिकेपुढे आला. २०१७ च्या मे-जूनमध्ये जनसुनावणी झाली, ती अनेक दिवस चालली. म्हातारी माणसं कँटोनीजमध्ये बोलली, तरुण दुभाषे झाले. महापालिकेने प्रस्ताव आठ विरुद्ध तीन मतांनी फेटाळला.

पट मांडणारे आणि सुनावणीला रांगा लावणारे यांत बरीच माणसं समान होती. दोन वर्षं एकत्र फरशा धुतलेल्या माणसांना एकमेकांचे चेहरे ठाऊक होते. कोणती आजी बोलायला घाबरणार नाही, कोणाला टॅक्सीने आणावं लागेल, कोणाचा नातू भाषांतर नीट करतो, ही माहिती कुठल्या कार्यकर्त्याच्या वहीत नव्हती, टेबलांवर होती. विजय मात्र पुरा नव्हता. जागेचा वाद नंतरही वर्षानुवर्षं चालला आणि त्याच जागेवर पुढे बांधकामाची परवानगी मिळाली. जागा घेऊन ठेवणारा पैसा आणि चौकातला गोंगाट यांची बरोबरी होत नाही.

कुणाची कँटोनीज?

आता मला सतावणारी गोष्ट. विद्यापीठात शिकवतात ती हाँगकाँगची कँटोनीज. चित्रपटांची, बातम्यांची, शब्दकोश असलेली. पण पेंडर रस्त्यावरची वाँग, लिम, मा मंडळी ज्या बोलीत भांडली, रडली आणि पत्रं लिहवून घेतली ती थोयसानची बोली. तिला तिच्या तोंडी ‘होयसान’ म्हणतात, कारण तिथे थ चा ह होतो. ती कँटोनीजची सख्खी बहीण, पण ग्वांगचौच्या माणसाला ती सरळ समजत नाही. जेवण कँटोनीजमध्ये ‘सिक फान’, तिथे ‘हियाक फान’. तीन कँटोनीजमध्ये ‘साम’, होयसानमध्ये स च्या जागी जीभ दातांमागे टेकवून दोन्ही कडांनी हवा सोडायची, असा ल आणि स यांच्या मधला फुसफुसणारा आवाज. देवनागरीत तो लिहिता येत नाही, रोमनमध्येही धड येत नाही.

२२ जून २००६ रोजी पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत डोईपट्टीबद्दल माफी मागितली तेव्हा इंग्रजी-फ्रेंचनंतर एक वाक्य चिनीत म्हटलं : ‘कानाताय तोउ हिप’, कॅनडा माफी मागतो. ते कँटोनीज होतं, मँडरिन नव्हतं, म्हणून लोकांना भरून आलं. पण डोईपट्टी भरलेल्या बहुसंख्य माणसांची घरातली भाषा कँटोनीजही नव्हती. माफीसुद्धा धाकट्या, जास्त शिकलेल्या बहिणीच्या भाषेत पोचली.

याला दोष कुणाचा? थोयसानचे लोक स्वतःच आपली बोली ‘गावठी’ म्हणत आले. मुलाला शाळेत घालताना कँटोनीज शिकव म्हणाले, जशी आपल्याकडे मालवणी किंवा अहिराणी घरात ठेवून मुलाला ‘शुद्ध’ बोलायला लावतात. मोन कियांगमध्येही वर्ग कँटोनीजमध्येच होते. आता कँटोनीज स्वतः मँडरिनपुढे ‘बोली’ ठरवली जाते आणि तिच्या बाजूने लढणारे म्हणतात की ती बोली नाही, भाषा आहे. बरोबरच म्हणतात. हेच वाक्य होयसानसाठी म्हणणारी माणसं आहेत, पण तिच्या वाट्याला असा निधी आलेला नाही.

२०२३ च्या १ जुलैला, दारबंदीच्या कायद्याला शंभर वर्षं झाली त्या दिवशी, पेंडर रस्त्यावरच्या विंग सांग इमारतीत चिनी कॅनेडियन संग्रहालय उघडलं. १८८९ ची इमारत, चायनाटाऊनमधली सर्वांत जुनी. यिप सांग नावाच्या व्यापाऱ्याने बांधलेली, त्याचं भलंमोठं कुटुंब तिथेच राहायचं. वर त्या घरातल्या मुलांसाठी भरवलेल्या शाळेची खोली जशीच्या तशी ठेवली आहे, जुन्या फळ्यासह. पहिल्या प्रदर्शनात ओळखपत्रं मांडली होती : फोटो, वय, गाव, कपाळावरच्या व्रणाची नोंद, भरलेली पट्टी. गावाच्या रकान्यात रोमन लिपीत ओढूनताणून बसवलेली नावं. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. भाषाशास्त्रज्ञ आज त्या स्पेलिंगांकडे बघून सांगू शकतो की समोरचा माणूस होयसान बोलत होता. त्या बोलीची एवढी मोठी नोंद दुसरी नसेल, आणि ती करणाऱ्याला तिच्याशी काही घेणंदेणं नव्हतं.

शनिवारच्या वर्गांकडे परत येतो. तिथे बसणाऱ्यांपैकी ज्याची आजी थोयसानची, त्याचा घोळ ठरलेला. वर्गात पाच म्हणजे ‘ङ्’ असं घोटून घ्यायचं. हाँगकाँगमधली तरुण पोरं आळसाने ङ् ऐवजी ओठ मिटून नुसतं ‘म्’ म्हणतात, आणि शिक्षक त्याला ‘आळशी उच्चार’ म्हणून टोकतात. विद्यार्थी घरी जाऊन आजीसमोर मोठ्या अभिमानाने मोजून दाखवतो आणि पाचवर येऊन जिभेचं मूळ टाळूला लावतो. आजी हसते आणि दुरुस्त करते. तिच्या गावात पाच म्हणजे, पहिल्यापासून, ‘म्’.